दुखवट्याची साडी

पातेल्यावरचं झाकण घसरून फरशीवर पडलं, आणि खणखणत, गोल गोल फिरत, बऱ्याच वेळानं थांबलं.

  ओट्याशी निकिता उलथनं धरून उभी होती, ती तशीच राहिली. उंबऱ्यावर बसून पायमोजे चढवणारा उत्कर्ष एक पाय उचलून तसाच राहिला. ज्यांच्या हातून झाकण निसटलं त्या प्रेमाबाई, उत्कर्षची आई, पातेल्यावर दोन्ही हात धरून थिजल्या. सहा वर्षांची अक्षरा तेवढी उठली. तिनं झाकण उचललं, फ्रॉकला पुसलं आणि आज्जीच्या हातात दिलं.

"एक झाकण नीट ठेवायला जमंना व्हय अजून?" उत्कर्ष म्हणाला. आईकडं बघून नव्हे, मोज्याकडं बघून.

प्रेमाबाईंनी झाकण ठेवलं. नीट बसलंय ना म्हणून बोटांनी चाचपलं, पुन्हा एकदा चाचपलं, आणि त्या परसात निघून गेल्या. निकितानं भाकरी उलटली. ती करपली होती.

ह्या घरात झाकण पडणं म्हणजे काय, ते लोहाऱ्यात सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं. म्हणून अंगणात, जमिनीत, हौद बांधलेला होता, वर लोखंडी झाकण. अकरा महिन्यांपूर्वी एका भर दुपारी पाणी आलं. झाकण बाजूला काढून कुणीतरी हौदात पाइप सोडला आणि तसाच ठेवून घरात गेलं. अनिरुद्ध तेव्हा सोळा महिन्यांचा होता. धरून धरून चालायचा, पाणी दिसलं की दोन्ही हातांनी थापट्या मारायचा. पाण्याचा आवाज ऐकून तो त्या बाजूला गेला.

झाकण आज्जीनं उघडं ठेवलं, हे सगळ्यांना माहीत होतं. कारण आज्जीनंच तसं सांगितलं होतं. अंगणात माणसं गोळा झाली, उत्कर्ष ओल्या पोराला छातीशी धरून ओरडत होता, "कुणी? कुणी उघडलं हे?" तेव्हा प्रेमाबाई पुढं झाल्या. "म्या," त्या म्हणाल्या. "म्या उघडं ठेवलं." पोलीस आले, त्यांनाही तेच सांगितलं, आणि कागदावर अंगठा न उठवता नीट सही केली.

निकिता त्या वेळी मातीत बसलेली होती. तिनं ऐकलं. तोंड उघडलं, पण त्यातून आवाजच आला नाही.

झाकण निकितानं उघडलं होतं.

पाइप हौदात सोडला आणि फोन वाजला. बेंबळीचा नंबर, आईचा. उत्कर्षशी लग्न केलं, त्याच्या घरचा ख्रिस्ती धर्म घेतला, तेव्हापासून बापानं तिचं नाव टाकलं होतं. आईचा आवाज सात वर्षांत पहिल्यांदाच आलेला. घरात रेंज नीट नसायची. ती पुढच्या दारात गेली, मग रस्त्यावर. प्रेमाबाई तेव्हा मागच्या खोलीत तूर पाखडत होत्या. त्यांना पाणी आलेलं माहीतसुद्धा नव्हतं.

त्या दिवशी निकिताच्या तोंडून आवाज आला नाही. तिसऱ्या दिवशी दूध भरून येऊन पदर भिजला, तेव्हा ती सांगणारच होती. पण त्याच सकाळी उत्कर्षनं आईच्या हातचं पाण्याचं भांडं घेऊन अंगणात भिरकावलं, आणि निकिता भ्याली. मग महिना गेला. मग एवढे दिवस का गप्प होतीस, ह्या प्रश्नाचीच भीती मूळ गोष्टीपेक्षा मोठी झाली. उत्कर्षनं हौदात मुरूम टाकून तो बुजवला. तेवढ्या जागेवरून घरातलं कुणी चालत नसे, वळसा घालून जात. आईच्या हातचं तो जेवत नसे. आई भाकरी थापायची, पण ताट निकितानं वाढायचं. भाकरी कुणाची, ते दोघंही ओळखून न ओळखल्यासारखं करायचे.

आणि निकिता पाणी वाहायची. नळाला पाणी आलं तरी त्याचा थेंब ती घेत नसे. गल्लीच्या टोकाला, शाळेमागं हापसा होता. सोळा महिन्यांचा होता म्हणून रोज सोळा घागरी. खांद्याला घट्टे पडले, पाठ धरली. बायका म्हणायच्या, "येडी झाली बिचारी." तिला वाटायचं, एक दिवस शेवटची घागर ओतली की आत काहीतरी हलकं होईल. अकरा महिन्यांत तसं झालं नव्हतं. उलट दुसऱ्या दिवशी घागर जास्त जड लागायची.

पातेल्यावरचं झाकण पडलं त्या दिवशी महिन्यातला पहिला रविवार होता. पाळक शिवशरण उमरग्याहून येत, त्यामुळं प्रार्थना बाराला, आणि पहिल्या रविवारी प्रभुभोजन, प्रभूच्या आठवणीत भाकरीचा तुकडा वाटून घ्यायचा विधी. अकरा महिने निकितानं ती भाकर घेतली नव्हती. ताट आलं की ती मान खाली घालायची, ताट पुढं जायचं. पोराच्या दुःखानं घेत नाही, असं लोक समजायचे. प्रेमाबाई मात्र दर वेळी दोन्ही हात पुढं करून घ्यायच्या, आणि मागं कुणीतरी कुजबुजायचं, "हिच्या घशाखाली उतरती तरी कशी गं?"

दहाच्या सुमाराला बारावी घागर घेऊन निकिता अंगणात आली, तर पायरीवर एक बाई बसलेली. पायांत धुळीच्या चपला, मांडीवर कापडी पिशवी. निकितानं घागर खाली ठेवली नाही. खांद्यावर तशीच धरून उभी राहिली.

"काल पहाटं निघाले," तिची आई विठाबाई म्हणाली. "तुळजापूरला दर्शनाला जाते म्हणून सांगितलं तुझ्या बापाला. दर्शन घेतलं, नातीगोत्यात रात काढली, आन सकाळच्या गाडीनं हिकडं आले. खोटं न्हाय बोलले, अर्धंच बोलले."

मग ती उठली आणि घागरीसकट लेकीला मिठी मारली. पाणी हिंदकळून दोघींच्या अंगावर सांडलं.

उत्कर्ष बाहेर आला. सासू पहिल्यांदा दारात आलेली. काय करावं त्याला सुचेना. त्यानं नमस्कार केला, खुर्ची आणली, पुन्हा आत नेली, चटई आणली. "मामी, बसा. अक्षरा, ही बेंबळीची आज्जी." अक्षरा तिच्या नथीकडं बघत राहिली.

विठाबाईनं पिशवीतून कागदात गुंडाळलेली साडी काढली. इरकल, गव्हाच्या रंगाची, हिरवे काठ.

"दुखवट्याची हाय," ती म्हणाली. "वरीस भरायच्या आत उतरावं लागतंय. माहेरच्यानीच घालायचं असतंय, दुसऱ्याचं चालत न्हाय. अकरा महिने झाले, मी घरात बसून रडले. आता बापाला काय म्हणायचं ते म्हणू दे."

दुखवट्याची ही रीत निकितालाही ठाऊक होती. ज्याच्या घरी मरण झालं त्यानं आपणहून नवं वस्त्र अंगावर घ्यायचं नसतं. कुणीतरी आणून, नेसवून, उठवून उभं करायचं असतं. बाकी सगळ्या आहेराला परतीचा आहेर असतो. ह्याला नसतो. कुणी विचारतही नाही.

प्रेमाबाई चहा घेऊन आल्या. विठाबाईनं कपाकडं बघितलं, घेतला नाही.

"विहीणबाई," ती म्हणाली, आणि तिचा आवाज बदलला. "आठ वर्सं माझी पोर मी तुमच्या पदरात टाकून बसले. तुमच्या जिवावर लेकरू सोडून पोरगी कामाला लागायची. एवढं एक झाकण सांभाळता आलं न्हाय तुमाला? डोळं कुठं गेलते?"

"व्हय," प्रेमाबाई म्हणाल्या.

"व्हय काय व्हय? तुमचा देव माफ करतोय म्हणं लगीच. मग काय, बरंय की! हितं माझ्या लेकीच्या खांद्याला घट्टे, आन तुमी..."

"आई, गप!" निकिताच्या हातातली घागर खाली आली, आडवी झाली, पाणी पायरीवरून वाहत गेलं. "त्यांना काय बोलू नको. झाकण मी काढलं. मीच उघडं ठेवलं. त्यांना माहीत पण नव्हतं."

अकरा महिने गळ्यात अडकलेलं वाक्य बाहेर पडलं, आणि काहीच झालं नाही. विठाबाई नुसती बघत राहिली. उत्कर्ष दोन पावलं पुढं आला. आता तो हात उगारेल, घराबाहेर काढेल, काहीतरी करेल. निकितानं डोळे मिटले. तेवढं तरी होऊ दे.

त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"पुरे, निकी," तो म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "किती करशील त्या बाईसाठी? तिच्या गोळ्या तू आणतीस, तिचं अंथरूण तू घालतीस. आता दोष पण आपल्यावर घेतीस? माझ्याजवळ एवढं मन न्हाय. नसू दे. पण तू असं बोलू नको."

"अहो, खरं सांगते मी..."

"दुःखानं बोलती ती," प्रेमाबाई मधेच म्हणाल्या. स्वर अगदी साधा, भाजीत मीठ कमी हाय म्हणावं तसा. "म्या ठेवलं उघडं. पोलिसाला सांगितलंय. जा बाबा तू, पाळकांची गाडी येईल."

उत्कर्षनं डोळे पुसले. त्याची जीप सुरू झाली, पाळकांना आणायला स्टँडकडं गेली. निकिता ओल्या पायरीवर खाली बसली. खरं सांगितलं, तर त्याचाही हार करून नवऱ्यानं तिच्याच गळ्यात घातला होता. आता ती त्याच्या नजरेत पहिल्यापेक्षा चांगली झाली होती. हे कसं काढून टाकायचं, तिला कळेना.

 मग विठाबाई हळू म्हणाली, "माझा फोन आलता, तवा?"

निकितानं वर बघितलं नाही.

"'थांब आई, पाणी आलंय' म्हणली व्हतीस तू," विठाबाई म्हणाली. "मला याद हाय. आन मी म्हणले, 'जाऊ दे गं पाणी, सात वर्सांनी बोलतीस.'"

ती उठली. तिचे गुडघे वाजले. प्रेमाबाईंपुढं जाऊन ती वाकली, तर प्रेमाबाईंनी तिचे दोन्ही दंड मधेच धरले.

"माझ्या पाया नगा पडू," त्या म्हणाल्या. "त्यातलं माझं काय बी न्हाय. चहा घ्या. निवला."

विठाबाईनं निवलेला चहा घेतला. सगळा, एका दमात, रडत.

साडी नेसवायला दोघींनी निकिताला आतल्या खोलीत नेलं. ती भिंतीला टेकून उभी राहिली. "मला नको," ती म्हणाली. "मी काय केलंय म्हणून नेसू?"

"काय केलं म्हणून नेसायची साडीच न्हाय ही," प्रेमाबाई म्हणाल्या. "हात वर कर."

"आत्याबाई, अजून चार घागरी राहिल्यात."

प्रेमाबाई थांबल्या. त्यांनी तिच्या खांद्यावरचा पदर सरकवला. घट्टा काळा पडला होता, कडेला कातडी सोललेली. त्यावर त्यांनी अंगठा ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला.

"किती घागरी झाल्या गं अकरा महिन्यांत? आन अजून किती राहिल्या? सांग मला एकदा, मी बी चार आणू लागते."

निकितानं पदर पुन्हा खांद्यावर ओढला.

"ते पाणी हापशाला येत न्हाय, पोरी," प्रेमाबाई म्हणाल्या. "मला लहानपणापासून ठाऊक हाय आन तरी मी बी लई हापसलंय. हात वर कर."

तिनं हात वर केले. एका बाजूनं तिची आई, एका बाजूनं सासू. आईनं कमरेला टोक खोचलं, सासूनं फेरा घेतला. दोघींची पद्धत वेगळी, एकमेकींच्या हातात हात अडकत होते. "हिकडून घ्या की," "तुमच्याकडं उलटी नेसत्यात काय?" असं करता करता विठाबाई रडतारडता हसली. निकिता लहान मुलीसारखी उभी होती. अनिरुद्धला आंघोळीनंतर ती असंच उभं करायची. तो एक हात बाहीत घालायचा आणि दुसरा मुद्दाम मुठीत लपवायचा.

"का बोललात तुम्ही?" तिनं विचारलं. प्रेमाबाई खाली बसून निऱ्या धरत होत्या. "त्या दिवशी. कुणी तुम्हाला विचारलंसुद्धा नव्हतं."

"तुझ्या तोंडाकडं बघितलं. बास."

"पण ते खोटं होतं."

"व्हतं. देवाजवळ माफी मागितलीय त्याची. रोज मागते. पण शब्द माघारी घ्यायचा न्हाय, तेवढं त्याला पहिलंच सांगून ठेवलंय." त्यांनी निऱ्या सारख्या केल्या, झटकल्या. "धर हितं. सोडू नको, सुटतील."

"आणि ते? तुमच्याकडं बघत पण नाहीत."

प्रेमाबाईंचे हात तेवढे थांबले. "लहान असताना तापात माझं बोट सोडत नव्हता," त्या म्हणाल्या. मग निऱ्यांना पुन्हा हात घालत, "धरलीस का?"

"धरली."

प्रार्थनेची खोली गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, पत्र्याची. उजव्या अंगाला बायका, डाव्या अंगाला पुरुष, मधे वाट. निकिता आत आली तेव्हा बायका वळून बघू लागल्या. कुणी म्हणालं, "उतरला बाई दुखवटा एकदाचा." विठाबाई आत आली नाही. दाराबाहेर चपलांजवळ बसली. "मी हितनंच ऐकते," म्हणाली.

पाळक शिवशरण म्हातारे, बुटके, बोलताना चष्मा सारखा वर सारायचे. त्यांचं बोलणं निकितानं अकरा महिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं. आज साडीची नवी घडी टोचत होती, खांदा हुळहुळत होता, ऐकू येत होतं.

"रेशनचा गहू फुकट हाय म्हटलं की आपण पहाटं रांगेत," ते म्हणाले, आणि पुरुषांत कुणीतरी हसलं. "पण देव म्हणतो, माझ्यापुढं नीतिमान म्हणून उभं राहायचं तेही फुकट घ्या, तर माणूस म्हणतो, थांब, आधी थोडा चांगला होऊन येतो. कवा होणार बाबा? आपला दोष त्या एकानं स्वतःच्या अंगावर घेतला. त्याचा काही दोष नव्हता. आणि त्याचं निर्दोषपण आपल्या अंगावर घातलं. आपण हात वर करायचे, एवढंच काम. तेच आपल्याला जड जातंय."

अक्षरा तिच्या मांडीला टेकून बसली होती. एरवी ती प्रार्थनेत पेंगायची. आज पाळकांकडं टक लावून बघत होती, कपाळाला आठी घालून, शाळेत गणित सुटत नसलं की घालते तशी.

निकितानं पुढं बघितलं. प्रेमाबाई दोन रांगा पुढं होत्या. त्यांच्या दोन्ही बाजूला एकेका माणसाची जागा रिकामी होती. अकरा महिने ती रिकामीच असायची. त्यांची मान बारीक झाली होती, मणका वर आला होता. पिकले केस रबरात बांधलेले, रबर अक्षराचं, त्यावर गुलाबी फूल. फुकट, असं पाळक म्हणाले. निकिता त्या मानेकडं बघत होती. ज्यानं दिलं त्याच्या अंगाला ते कसं लागलं, ते तिथं दिसत होतं.

भाकरीचं ताट फिरवायचं काम त्या महिन्यात उत्कर्षकडं होतं. पुरुषांकडं फिरवून तो बायकांकडं वळला.  आईपाशी आला तेव्हा त्यानं ताट पुढं केलं आणि तोंड खिडकीकडं फिरवलं. प्रेमाबाईंनी दोन्ही हात पुढं केले, तुकडा घेतला, ओंजळीतच धरून क्षणभर लेकाच्या तोंडाकडं बघितलं. तो खिडकीबाहेरच बघत होता.

मग तो निकितापाशी आला.

दर वेळी ह्या जागी ती मान खाली घालायची. आत्ताही घालणारच होती. चार घागरी राहिल्यात, तिच्या मनात आलं. मग त्या चारही जागच्या जागी सांडल्या. तिनं हात पुढं केला. उजवा, आणि त्याखाली डावा.  तिच्याजवळ द्यायला काही नव्हतं, दाखवायला काही नव्हतं. हापशाच्या दांड्यानं चिरलेले तळवे होते तेवढेच.

उत्कर्षच्या डोळ्यांत पाणी भरलं. अकरा महिन्यांत पहिल्यांदा तो तिच्याकडं बघून जरासा हसला. त्यानं वाकून तुकडा तिच्या तळव्यावर ठेवला. हलका होता, पानाएवढासुद्धा नव्हता.

तिनं तो तोंडाकडं नेला, तेवढ्यात अक्षरानं तिच्या नव्या पदराचं टोक ओढलं. तिच्या कपाळावरची आठी गेली होती. गणित सुटलं होतं, पण शेवटची एक पायरी राहिली होती, ती तिनं आपल्या स्वच्छ, मोठ्या आवाजात विचारली. बाप ताट घेऊन अजून तिथंच वाकलेला होता.

"आई, हौदाचं झाकण तर तू काढलंवतंस, मी पायरीवरून बघितलं. मग आज्जीनं 'म्या काढलं' असं का सांगितलं?"